दलदलीतल्या परागकणांवरून जुनं रान आणि जुना पाऊस ओळखताना

निलगिरी पर्वतात उटीच्या आसपास, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, उतारांवर मैलोन्‌मैल गवत दिसतं आणि घळींमध्ये शोला नावाचं बुटकं, दाट, सदाहरित जंगल. हे गवत आलं कुठून, हा वाद जुना आहे. एक मत असं की पूर्वी सगळीकडे शोलाच होता. माणसांनी गुरं-म्हशींसाठी तो जाळला, तोडला आणि मग गवत पसरलं. दुसरं मत असं की गवत मूळचंच आहे. या वादातला सर्वात भक्कम पुरावा त्याच डोंगरांच्या खोलगट दऱ्यांमध्ये साचलेल्या काळ्या, ओल्या पीटमधून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांमधून मिळाला. सँडीनल्ला खोऱ्यातल्या पीटचा तळ सुमारे ४० हजार वर्षांपर्यंत मागे जातो, आणि शेती किंवा गुरं तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून गवताच्या खुणा त्यात आहेत. पुढे त्यावर आणखीही काम झालं. आज ‘ओसाड गवत’ समजून तिथे झाडं लावत सुटणं चूक आहे असं अभ्यासक ठामपणे म्हणतात, त्यामागे हा पुरावा आहे.

वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र किंवा पुरातत्त्व शिकणाऱ्या आणि पीटमधले परागकण मोजून जुनं रान ओळखण्याचं काम पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण निलगिरीचंच घेतो, कारण भारतात पीटवर झालेल्या कामांपैकी ते सर्वात बोलकं आहे. एक गोष्ट आधीच पक्की लक्षात ठेवा: परागकणांचे टक्के म्हणजे झाडांचे टक्के नव्हेत. या कामातल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात, आणि पुढच्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर हा मुद्दा पुन्हा समोर येईल.

पीटमध्ये पराग टिकतो कसा

पाणी साचून राहिलेल्या जागी मेलेल्या वनस्पती पूर्ण कुजत नाहीत, कारण त्या कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना तिथे पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. अर्धवट कुजलेल्या या थरांना पीट म्हणतात. उत्तर युरोपात ते मुख्यतः स्फॅग्नम शेवाळाचं असतं. निलगिरीत ते बहुतांशी लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पती आणि गवत यांचं बनलेलं आहे. वाऱ्याने आलेले परागकण वर्षानुवर्षं या पृष्ठभागावर पडतात आणि गाडले जातात. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन या द्रव्याचं असतं. ते बहुतेक आम्लांना दाद देत नाही, पण ऑक्सिडीकरणाने खराब होतं. म्हणून एकदा चर खणून पाणी काढून टाकलेली दलदल या अभ्यासाला फारशी उपयोगाची राहत नाही. तिच्या वरच्या थरातला पराग खाल्लेला, चुरगळलेला मिळतो.

थराथरातले कण मोजून त्यांचे टक्के मांडायची आजची पद्धत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, एका व्याख्यानात मांडली. तेव्हापासून रसायनं आणि यंत्रं बदलली, मूळ विचार तोच आहे.

१. आधी प्रश्न, मग जागा

‘इथलं जुनं हवामान शोधायचंय’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘गेल्या दहा हजार वर्षांत या खोऱ्यात शोला आणि गवत यांचं प्रमाण कधी बदललं?’ हा प्रश्न चालेल, कारण किती खोल जायचं, किती अंतराने नमुने घ्यायचे आणि कोणते कण ओळखता आलेच पाहिजेत हे त्यातून ठरतं.

दलदलीचा आकार फार महत्त्वाचा. काही मीटर रुंदीच्या, झाडांनी वेढलेल्या छोट्या दलदलीत बहुतेक पराग काठावरच्याच झाडांचा पडतो. शेकडो मीटर रुंद, उघड्या दलदलीत तो दूरवरून येतो आणि साऱ्या परिसराचं चित्र मिळतं. एका घळीची गोष्ट हवी असेल तर छोटी जागा निवडा, अख्ख्या पठाराची हवी असेल तर मोठी. ओढा मधून वाहत असेल तर ती जागा टाळा. पुराचं पाणी वरच्या उतारावरचा जुना पराग वाहून आणून नव्या थरात मिसळतं.

अशा दलदली बहुधा वनखात्याच्या ताब्यात असतात आणि त्या भागातल्या लोकांची पाण्याची, चराईची जागाही असतात. वनखात्याची लेखी परवानगी अनेक महिने आधी मागा आणि गावकऱ्यांना काय करणार आहात ते सांगा. निलगिरीत तिथल्या मूळच्या, म्हशी पाळणाऱ्या तोडा लोकांना कोणती जागा पवित्र आहे हे विचारल्याशिवाय अवजार जमिनीत घालू नये.

२. गाभा काढणं

गाभा म्हणजे दलदलीतून वरपासून खालपर्यंत काढलेला उभा नमुना. प्रथम बारीक लोखंडी सळई खुपसत दलदलीची खोली आडव्या-उभ्या रेषांवर मोजून घ्या. सर्वात खोल आणि सर्वात कमी ढवळलेली जागा शोधायची असते.

मऊ पीटसाठी रशियन कोअरर हे अवजार उत्तम. त्याला साधारण ५० सेंटिमीटर लांबीची अर्धगोल नळी आणि जागेवर स्थिर राहणारं चपटं पातं असतं. ठरलेल्या खोलीपर्यंत बंद अवस्थेत ढकलायचं, अर्धा फेरा फिरवायचं, की नळीची धार बाजूचा पीट कापते आणि पात्याला टेकून तो आत बंद करते. त्यामुळे वरचा चिखल खाली ओढला जात नाही. एकाच भोकातून लागोपाठ तुकडे काढू नका, कारण अवजाराचं टोक पुढचा थर आधीच ढवळून ठेवतं. शेजारी-शेजारी दोन भोकं घ्या आणि आळीपाळीने तुकडे काढा, प्रत्येक तुकड्याची खोली आधीच्या तुकड्याच्या खोलीवर थोडी येईल असं पाहा.

निलगिरीतला पीट मात्र बऱ्याच ठिकाणी घट्ट आहे आणि मध्ये चिकणमातीचे थर येतात. तिथे खड्डा खणून उभी भिंत साफ करणं आणि तिच्यातून पत्र्याच्या चौकोनी डब्यांनी नमुने कापणं जास्त सोयीचं. खड्डा भरून, वरचं गवत पुन्हा बसवूनच निघायचं.

प्रत्येक तुकडा अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी पाइपात ठेवा, प्लास्टिक फिल्मने गुंडाळा आणि लिहा: जागा, भोक क्रमांक, वरची खोली, खालची खोली, वरच्या टोकाकडे बाण. बाण विसरला की तो तुकडा गेलाच म्हणायचं. परतल्यावर ४ अंश सेल्सियसला ठेवा. गोठवू नका, पाण्याचा बर्फ झाला की थर फुगतात आणि त्यांची रचना बिघडते.

३. त्याच फेरीत आजचा परागही गोळा करा

नवे लोक हा टप्पा हमखास टाळतात, आणि माझ्या मते हा गाभ्याइतकाच महत्त्वाचा आहे. शोलाच्या आत, शोलाच्या काठावर, उघड्या गवतात आणि दलदलीवर, अशा एका रेषेत जमिनीलगतचं शेवाळ किंवा वरची माती गोळा करा. प्रत्येक ठिकाणी दहा-बारा चिमट्या घेऊन एकत्र करा आणि आजूबाजूला कोणती झाडं किती आहेत याची नोंद करा. आज ज्या शोलात अमुक झाड भरपूर आहे तिथे त्याचा पराग किती पडतो, हे कळल्याशिवाय हजारो वर्षांपूर्वीच्या टक्क्यांना अर्थ देता येत नाही.

याचं कारण सोपं आहे. वाऱ्यावर परागण करणारी गवतं प्रचंड पराग सोडतात. ऱ्होडोडेंड्रॉन किंवा कारवीच्या कुळातली नीलकुरिंजी कीटकांवर अवलंबून असल्याने त्यांचा पराग दलदलीत क्वचितच पोचतो. नीलकुरिंजी तर बारा वर्षांतून एकदाच फुलते. पीटच्या एका सेंटिमीटरात अनेक दशकं दडलेली असताना तो बहर वेगळा दिसायची आशाच नको. सागाचीही गत अशीच: साग भरपूर असलेल्या जंगलातल्या मातीतही त्याचा पराग फार थोडा सापडतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या परिसरात आजचं पानगळी जंगल आणि आजचा पराग यांची अशी तुलना झालेली आहे. तिथे हा पाया घातला गेला, हे मला फार योग्य वाटतं.

४. थरांचं वर्णन आणि वय

गाभा उघडल्यावर लगेच, रंग हवेने बदलण्याआधी, फोटो काढा आणि दर थराचं वर्णन लिहा: रंग, मुळं, काड्या, कोळशाचे कण, चिकणमाती, वाळू. मग थोडा भाग १०५ अंशांवर वाळवून वजन करा, ५५० अंशांवर चार तास जाळून पुन्हा वजन करा. जेवढं वजन घटलं तेवढा साधारणपणे सेंद्रिय भाग. हा भाग अचानक कमी झाला तर उतारावरून माती धुपून आली असण्याची शक्यता असते.

वय काढायला कार्बन-१४. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं, त्यामुळे साधारण ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत जात नाही. नमुना म्हणून अख्खा पीट देण्याऐवजी शक्य असेल तिथे बिया, पानांचे तुकडे किंवा जमिनीवर वाढलेल्या वनस्पतींचे अवशेष निवडा. लव्हाळ्याची मुळं वरून खोलवर जातात आणि त्यांचा नवा कार्बन जुन्या थराला तरुण दाखवतो. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने ती मुळं वेचून काढावी लागतात. निकालात जे ‘आजपूर्व’ वय येतं ते १९५० पासून मागे मोजलेलं असतं, आणि ते थेट वापरता येत नाही. इंटकॅल२० सारख्या वक्रावरून त्याचं कॅलेंडर वर्षांत रूपांतर करावं लागतं. वरच्या सुमारे दीडशे वर्षांसाठी शिसे-२१० वापरतात, आणि सीझियम-१३७ मध्ये १९६३ च्या आसपासच्या अणुचाचण्यांचा शिखरबिंदू कुठे कुठे मिळतो. दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा इथे कार्बन-१४ मोजण्याची त्वरक यंत्रणा आहे.

पैसे मर्यादित असतील तर परागाचे नमुने कमी करा, तारखा कमी करू नका. दोन मीटरच्या गाभ्यात दोनच तारखा असल्या तर मधली सगळी वयं अंदाजाने भरलेली असतात. पीट एकसारख्या वेगाने साचत नाही, काही वेळा हजारो वर्षं साचतच नाही. दोन मीटरमध्ये २० हजार वर्षं असतील तर सरासरीने एका सेंटिमीटरात शंभर वर्षं येतात; दहा वर्षांच्या दुष्काळाबद्दल अशा गाभ्यातून काही म्हणू नये.

निलगिरीत वय तपासायची आणखी एक सोय आहे. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, तिथे युकॅलिप्टस, वाटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) आणि पाइन आणले गेले. त्यांचा पराग फक्त वरच्या थरात असायला हवा. पाइन ओळखायला सोपा, कणाच्या दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात; वाटलचे सोळा कण एकत्र चिकटून एकच गठ्ठा बनतो. हे कण खोलवर सापडले तर गाभा ढवळलेला आहे किंवा प्रयोगशाळेत भेसळ झाली आहे.

५. प्रयोगशाळेत पराग वेगळा करणं

प्रत्येक नमुना एक घन सेंटिमीटर, मोजून. त्यात लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी घाला. तिच्यात किती बीजाणू आहेत ते पाकिटावर छापलेलं असतं, आणि पुढे हिशेबाला तेच लागतं. गोळी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते.

मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळत्या पाण्याच्या भांड्यात सुमारे दहा मिनिटं. यात पीटचा काळा रंग, म्हणजे ह्युमिक आम्लं, सुटतो. जाळीतून गाळा: मोठ्या काड्या १५० ते १८० मायक्रॉनच्या जाळीवर राहतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत सेंट्रिफ्यूज करून धुवा. घाई करून गढूळ पाण्यासह पुढे गेलात तर स्लाइडवर पराग दिसणार नाही, तपकिरी धूर दिसेल.

चिकणमातीच्या थरात सिलिका फार असते आणि ती काढायची जुनी पद्धत म्हणजे हायड्रोफ्लुओरिक आम्ल. हे आम्ल त्वचेतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. सौम्य द्रावणात सुरुवातीला दुखतही नाही आणि थोड्याशा भागावर पडूनही जिवावर बेतू शकतं. प्रशिक्षण नसताना, एकट्याने, किंवा जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसताना ते कधीही वापरू नका. सोडियम पॉलिटंगस्टेटसारख्या जड द्रवाने सिलिका खाली बसवून पराग तरंगवता येतो. मी नव्यांना हीच वाट सुचवेन. थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल.

शेवटी एर्टमान यांची असिटोलिसिस पद्धत: असिटिक अनहायड्राइडचे ९ भाग आणि तीव्र गंधकाम्लाचा १ भाग, गरम पाण्याच्या भांड्यात तीन-चार मिनिटं. यात सेल्युलोज जातो आणि कणाच्या कवचावरची नक्षी स्पष्ट होते. या मिश्रणाची पाण्याशी उसळून प्रतिक्रिया होते. म्हणून आधी आणि नंतर ग्लेशियल असिटिक आम्लाने धुवायचं, पाण्याचा थेंबही नळीत राहता कामा नये, आणि सगळं धूरकपाटातच. उरलेला गाळ सिलिकॉन तेलात किंवा ग्लिसरीनमध्ये ठेवा. सिलिकॉन तेलात झाकणकाच हळूच दाबली की कण लोळतो आणि त्याची दुसरी बाजूही दिसते, म्हणून माझी पसंती त्यालाच.

प्रत्येक खेपेला एक नळी रिकामी, फक्त गोळी आणि रसायनं घालून चालवा. खिडकीबाहेरच्या फुलांचा पराग स्लाइडवर आला असेल तर तिथे कळतं.

६. ओळखणं आणि मोजणं

मोजणी ४०० पट मोठं करून, आणि शंका आली की तेलात बुडणाऱ्या भिंगाने १,००० पट. झाकणकाचेच्या कडेला लहान कण जास्त जमतात, म्हणून फक्त मधला भाग न मोजता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ठरावीक अंतराच्या रेषांवर चाला.

सुरुवातीला तीन-चार ठळक प्रकार पक्के करा. गवताचा कण गोल, एकच छिद्र, त्याभोवती जाड कडं. लव्हाळ्याच्या कुळाचा एका टोकाला निमुळता, कवच पातळ. ऱ्होडोडेंड्रॉनचे चार कण एकत्र. शोलातल्या इलेक्स या झाडाच्या कणावर गदेच्या आकाराचे उंचवटे दाटीने असतात.

एक सापळा आधीच सांगतो. शोलात जांभळाच्या वंशातली झाडं मूळची आहेत आणि युकॅलिप्टस बाहेरून आलेला, पण दोन्ही एकाच कुळातली. दोघांचाही कण चपटा, त्रिकोणी. फरक आकारमानात आणि टोकांच्या रचनेत, आणि तोही संदर्भस्लाइड शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. खात्री नसेल तर ‘जांभळाचं कुळ’ एवढंच लिहा. गवताच्या बाबतीतही कुळापलीकडे जाता येत नाही. ४० मायक्रॉनहून मोठा कण धान्याचा असू शकतो, पण काही रानगवतांचे कणही तेवढे मोठे असतात.

प्रत्येक नमुन्यात जमिनीवरच्या वनस्पतींचे किमान ३०० कण मोजा. दुर्मीळ प्रकार महत्त्वाचे असतील तर ५००. लव्हाळी, पाणवनस्पती आणि नेच्यांचे बीजाणू वेगळे मोजा, एकूण बेरजेत धरू नका, कारण ते दलदलीवरचेच असतात आणि बाकीच्यांचे टक्के दाबून टाकतात.

बेरजेचा आणखी एक दोष: सगळ्यांचे मिळून १०० टक्केच होणार, त्यामुळे एक वाढला की दुसरा आपोआप घटलेला दिसतो. लायकोपोडियमची गोळी इथे कामी येते. समजा ३०० परागकण मोजताना ९० बीजाणू दिसले आणि गोळीत १८,००० होते. तर ३०० भागिले ९०, गुणिले १८,०००, म्हणजे एका घन सेंटिमीटरात ६०,००० परागकण. तो थर वर्षाला ०.०१ सेंटिमीटर वेगाने साचला असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला ६०० कण पडत होते. हा आकडा प्रत्येक वनस्पतीसाठी वेगळा काढला की गवत खरंच वाढलं की फक्त झाडं कमी झाली, हे सुटं करता येतं.

७. आलेख आणि अर्थ

खोली किंवा वय उभ्या अक्षावर, आणि प्रत्येक वनस्पतीचा आडवा आलेख शेजारी-शेजारी. टिलिया हे सॉफ्टवेअर यासाठीच आहे. आर या संगणकभाषेत काम करणारे रिओजा वापरतात, आणि खोलीवरून वय काढण्याच्या प्रतिमानासाठी बेकन. आलेखाचे विभाग पाडताना डोळ्यांवर विसंबू नका, कोनिससारखी गणिती पद्धत वापरा आणि मग पाहा.

अर्थ लावताना निलगिरीची खरी अडचण कळते. गवत दलदलीच्या पृष्ठभागावरही वाढतं. मग थरात गवताचा पराग वाढला तर डोंगरावर गवत वाढलं, की दलदल कोरडी पडून तिच्यावरच गवत आलं? एका गाभ्यावरून हे ठरत नाही. वेगवेगळ्या दलदलींत तोच बदल त्याच काळात दिसला पाहिजे. शिवाय पराग बघून ते गवत उष्ण-कोरड्या हवेतलं की थंड-ओल्या हवेतलं हे कळत नाही. इथे कार्बन-१३ मदतीला येतो. झाडं आणि थंड हवेतली गवतं एका पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, उष्ण प्रदेशातली बरीच गवतं दुसऱ्या पद्धतीने, आणि दोघांच्या अवशेषांत कार्बन-१३ चं प्रमाण स्पष्ट वेगळं असतं. रमण सुकुमार, आर. रमेश आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘नेचर’मध्ये निलगिरीच्या पीटचा असा अभ्यास मांडला: सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी हिमयुगाच्या कळसाला हवा कोरडी, ९ हजार वर्षांच्या सुमारास ओली, आणि साधारण ६ ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुन्हा कोरडी.

तरीही सावध राहायला हवं. हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होता, आणि कमी कार्बन डायऑक्साइडमध्ये या दुसऱ्या प्रकारच्या गवतांना पाऊस न घटताही फायदा होतो. म्हणजे त्या गवतांची सगळी वाढ पावसाच्या खात्यावर टाकता येत नाही. माणसाचा हात ओळखायला कोळशाचे कण आणि शेणावर वाढणाऱ्या स्पोरोर्मिएलासारख्या बुरशीचे बीजाणू त्याच स्लाइडवर मोजा. आग, गुरं आणि लागवडीच्या पिकांचा पराग एकत्र वाढले तर माणूस. झाडं कमी झाली पण यातलं काहीच हललं नाही तर हवामानाकडे बोट दाखवायला जागा आहे.

सुरुवात कुठून करायची

पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेत दक्षिण भारतातल्या वनस्पतींच्या परागाचा मोठा संदर्भसंग्रह आहे, आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत या विषयाची जुनी परंपरा. महाराष्ट्रातल्यांना पुणं जवळ. तिथल्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी कास पठारावरच्या हंगामी तळ्याच्या गाळातले परागकण आणि डायटम, म्हणजे सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शैवालं, वापरून तिथल्या पावसाचा सुमारे आठ हजार वर्षांचा मागोवा घेतला आहे. ते पीट नाही, तळ्याचा गाळ आहे, पण मोजणी आणि ओळखीची रीत तीच.

गाभा हातात येण्याआधी आपल्या परिसरातल्या पन्नासेक वनस्पतींच्या संदर्भस्लाइड स्वतः बनवा. फूल पूर्ण उमलण्याआधीची कळी घ्या, म्हणजे शेजारच्या झाडाचा पराग मिसळत नाही. त्याच फांदीचा वाळवलेला नमुना हर्बेरियमसाठी दाबून ठेवा आणि स्लाइडवर व नमुन्यावर एकच क्रमांक घाला. पुढे वनस्पतीचं नाव बदललं किंवा ओळख चुकीची ठरली तर तो नमुनाच तपासावा लागतो. प्रत्येक कणाचं छिद्रांच्या पातळीवरचं आणि नक्षीच्या पातळीवरचं, अशी दोन चित्रं हाताने काढा. फोटोही ठेवा, पण चित्र काढताना छिद्रं मोजावी लागतात, आणि ओळख तिथूनच बसते.